वर्षावनातली खुरपणी

"चार दिवस? अगं, चार महिनं म्हणलीस तरी हाताची घडी घालून बसंन मी!"

बारामतीजवळच्या पिंपळीच्या सर्जेरावांनी आपल्या ओट्यावर, चहाच्या तिसऱ्या कपानंतर आणि शेजारच्या दादासोंच्या साक्षीने हे उद्गार काढले, तेव्हा दादासोंच्या बशीतला चहा सांडला. त्यात दादासोंचा दोष नव्हता. सर्जेरावांना हाताची घडी घालून बसलेले आजवर कोणीही पाहिलेले नव्हते. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरीचा चेहरा समोर आहे आणि नवरदेव वाकून मांडवाच्या खांबाशी उगवलेले गवत उपटत आहेत!

वाचकहो, सर्जेरावांच्या उसात तण शोधणे म्हणजे टकलावर उवा शोधण्यासारखे होते. दोरी लावून आखलेल्या सऱ्या, पट्टीने मोजल्यासारखे अंतर आणि मधल्या मातीत हिरवे म्हणून नावाला काही नाही. दारातली तुळससुद्धा ओट्याच्या कडेशी काटकोन साधून उभी होती. या माणसाने बत्तीस वर्षांच्या संसारात पत्नीला, द्वारकाबाईंना, ज्या सहली घडवल्या, त्या सगळ्या कृषी प्रदर्शनांच्या. आणि पहिल्या सहलीची आठवण म्हणून त्या माउलीला जी भेटवस्तू मिळाली, ती होती फवारणीचा पंप!

तेव्हा यंदा भाद्रपदात, कारखान्याचा हंगाम सुरू व्हायला अवकाश असताना, द्वारकाबाईंनी सरळ सांगून टाकले, "मला ऊस नसलेला मुलूख बघायचाय."

"असा मुलूख असतो व्हय?" सर्जेरावांनी प्रामाणिकपणे विचारले.

असतो, हे बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने, संस्कृतीने, फोनवर पटवून दिले आणि कर्नाटकातल्या आगुंब्याच्या वर्षावनात, एका शेतकऱ्याच्या घरी चार दिवसांचा मुक्कामही ठरवून टाकला. पण द्वारकाबाई नवऱ्याला ओळखून होत्या. त्यांनी पैज लावली. अटी तीन. चार दिवस हातात अवजार धरायचे नाही. कोणाला शेती शिकवायची नाही. आणि कोणाशी वाद घालायचा नाही.

"तिसरी अट अन्यायाची हाय," असे म्हणून सर्जेरावांनी त्या अटीवर पाऊण तास वाद घातला. अखेर द्वारकाबाईंनीच ती मागे घेतली. "माणसाला झेपंल तेवढंच मागावं," त्या दादासोंना म्हणाल्या.

पैज कशावर होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घरामागच्या परड्यात दोन गुंठे जागा होती. तिथे सर्जेरावांचे उसाचे बेणे शिपायांसारखे रांगेत उभे असे. ती जागा द्वारकाबाई लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मागत होत्या. त्यांना तिथे दोडका हवा होता, अबोली हवी होती, अळू, कढीपत्ता, शेवगा, गवती चहा, सगळे हवे होते आणि तेही जिथे हात जाईल तिथे लावायचे होते.

"सगळं एकात एक? परडं हाय का आठवड्याचा बाजार?" या एका प्रश्नावर सर्जेरावांनी तो अर्ज तीस वर्षे फेटाळला होता.

"हरला तर परडं माझं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आन् जिंकलो तर परड्याचं नाव परत काढायचं न्हाय. जल्मात!"

दादासोंनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. लग्नानंतर हा विधी प्रथमच होत होता.

पहिली चकमक कोल्हापूरच्या बसस्थानकावर झडली. द्वारकाबाईंनी दशम्या काढायला पिशवीत हात घातला, तो टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी टोचले. उलगडून पाहतात तो खुरपे!

"ह्ये काय?"

"ते व्हय? आंबा कापाया."

"भादव्यात आंबा?"

"मग फणस म्हण," सर्जेराव उदारपणे म्हणाले.

खुरपे जप्त झाले आणि द्वारकाबाईंच्या लुगड्यांच्या तळाशी गेले. पुढच्या दोन बसगाड्यांत सर्जेराव खिडकीतून दिसणारा ऊस मोजत बसले. शेवटच्या जीपने घाट चढायला सुरुवात केली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ते रान अंगावर आले, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला.

काय ते रान! झाडावर झाड, झाडाच्या अंगावर वेल, वेलाच्या अंगावर शेवाळ आणि शेवाळात फुललेले कुठलेसे फूल. उन्हाला खाली उतरायला वाट नाही, पावसाला थांबायची इच्छा नाही. आमच्या बारामतीकडे जेवढे पाणी वर्षभर आभाळाकडे डोळे लावून मिळते, तेवढे येथे दोन-तीन दिवसांत ओतून ढग मोकळे होतात! द्वारकाबाई जीपच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर निघाल्या होत्या. सर्जेराव डोळे मिटून बसले होते.

"ही जमीन कुणाची?" त्यांनी ड्रायव्हरला हिंदीत विचारले.

"सरकार की."

"तरीच!" सर्जेराव म्हणाले, आणि आणखी घट्ट डोळे मिटून घेतले.

यजमानीण होत्या नागवेणी. माहेर बेळगावचे, म्हणून मराठी येत होते. नवरा महिनाभर नातलगांकडे मंगळुरूला, घरी त्या आणि त्यांचे सासरे. या सासऱ्यांना सगळे अज्जा म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, आणि तोंडात सदोदित विड्याचा तोबरा. तोबरा भरला की अज्जा मान किंचित वर करून, ओठ घट्ट मिटून, एखाद्या भरलेल्या घागरीसारखे जपून चालत. ओसरीच्या कोपऱ्यात एक पितळी पिकदाणी होती. तिच्यापाशी पोहोचेपर्यंत त्यांच्याकडून शब्दाची अपेक्षा करणे व्यर्थ होते.

पहिले दोन दिवस सर्जेराव जिंकले, हे नमूद केलेच पाहिजे. ते ओसरीवर स्वतःचे हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसले. समोर सुपारीच्या बागेत गडी पायात दोरीचा फास अडकवून सरसर झाडावर चढत आणि एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्याचा शेंडा धरत. खाली उतरण्याचे नाव नाही! त्यांच्या डोक्यावर सुपारीच्याच विरीच्या, म्हणजे झावळीच्या रुंद देठाच्या, टोप्या. सर्जेरावांनी तोंडात तंबाखू धरून हे सारे पाहिले आणि मनातल्या मनात सतरा सूचना केल्या. ओठांबाहेर एकही जाऊ दिली नाही. एक जळू त्यांच्या पोटरीला चिकटून टम्म फुगली, तरी ते हलले नाहीत. नागवेणींनी त्यांचीच तंबाखू ओली करून तिच्यावर पिळली, तेव्हा ती पडली.

"दुखलं न्हाई का हो?" नागवेणींनी विचारले.

"पैज हाय," सर्जेराव दात आवळून म्हणाले.

द्वारकाबाईंचे मात्र माहेरपण चालले होते. त्या नागवेणींच्या मागे मागे फिरत, प्रत्येक पानाला हात लावत आणि विचारत, "ह्ये काय?" आणि प्रत्येक पान काहीतरी निघे! एक ताकात वाटायचे, दुसरे पोटदुखीवर, तिसऱ्यात इडली उकडायची. घराभोवतालचा तो उतार म्हणजे द्वारकाबाईंच्या मनातल्या परड्याचीच मोठी आवृत्ती होती. दुपारी जेवताना त्यांनी गार, हिरव्या, ताकातल्या चटणीचा भुरका मारला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिले, की सर्जेरावांना आपले बेणे डोळ्यांसमोर आडवे झालेले दिसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. दोघी बायका जीपने बाजाराला गेल्या.

"जपून बसा," द्वारकाबाई जाताना म्हणाल्या.

"हलत न्हाय!" सर्जेराव गरजले.

आणि खरोखरच ते पंधरा मिनिटे हलले नाहीत. मग त्यांना दिसले की ओसरीवरच्या चपला वाकड्या आहेत. चपला सरळ करणे म्हणजे काही शेती नव्हे. त्यांनी त्या सरळ केल्या. मग पाट भिंतीला लागले, घागरी उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या, आणि कोपऱ्यात एकटीच बेशिस्त पडलेली पिकदाणी बाकाखाली, घागरींच्या ओळीत, सर्वांत शेवटी जाऊन बसली. ओसरी कशी निरीक्षणाला उभ्या केलेल्या पलटणीसारखी दिसू लागली!

पण माणसाची दृष्टी ओसरीवर थांबत नाही. ती अंगणात उतरते. अंगणापलीकडे सुपारीची झाडे होती, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याला कसलेसे कोवळे वेल बिलगून हात-दीड हात वर चढले होते. खाली जमीन दिसत नव्हती. कुजका पाला आणि त्यावर गोल पानांचे गवत, गालिचा अंथरल्यागत!

'झाडाचं रगत पितंय ह्ये बांडगूळ,' सर्जेरावांच्या मनात आले. 'बिचारी एकटी बाई. नवरा परगावी. सासरा म्हातारा. कोण काढणार तण? खाल्ल्या मिठाला जागायला नगो व्हय?'

येथे त्यांच्या अंतःकरणात एक तात्त्विक वाद उभा राहिला. अट होती अवजार न धरण्याची. हात हे अवजार आहे काय? अवजार ते, जे खुंटीला टांगता येते. हात खुंटीला टांगता येत नाही. सबब, हात हे अवजार नव्हे! वादी तेच, प्रतिवादी तेच आणि न्यायाधीशही तेच असल्याने निकाल तातडीने लागला. सर्जेरावांनी धोतर खोचले.

पुढचे तीन तास पिंपळीच्या त्या कर्मवीराने जे काम केले, ते रोजाच्या चार बायकांना दिवसभरात झाले नसते! वेल सुटले, गोल पानांचे गवत मुळासकट निघाले, पाला खराट्याने ओढून ढीग झाला. खराटा हे अवजार की गृहोपयोगी वस्तू, हा प्रश्न त्यांनी वाटेतच निकालात काढला.

हे चालले असताना अज्जा आतून आले. तोंडात ताजा तोबरा. त्यांनी अंगणाकडे पाहिले आणि त्यांचे डोळे कवड्यांएवढे झाले.

"उंऽऽ! उंऽऽ!" अज्जा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात जोरजोराने हलवले.

"राहू द्या, राहू द्या!" सर्जेराव विनयाने म्हणाले. "आभार कसलं मानताय! घरचंच काम हाय!"

अज्जा पिकदाणीकडे वळले. पिकदाणी जागेवर नव्हती! ते या कोपऱ्यात गेले, त्या कोपऱ्यात गेले. धुतलेल्या ओसरीवर थुंकावे तर सूनबाईंचा धाक, अंगणात थुंकावे तर खाली पाहुणे वाकलेले. तोंड उघडावे तर ऐंशी वर्षांची अब्रू सदऱ्यावर! ते पुन्हा कठड्याशी आले आणि त्यांनी पाय आपटला.

"अज्जा जोशात हायती," म्हणून सर्जेरावांनी आणखी चार वेल ओढले.

ढीग पेटवायला त्यांनी काडेपेटी काढली. सतरा काड्या ओढल्या. त्या मुलखातला पाला सर्जेरावांच्या उसाच्या पाचटासारखा भोळा नव्हता. तो नुसता हसल्यासारखा चुरचुरला. अठरावी काडी ओढली आणि आभाळ फाटले.

वाचकहो, पाऊस म्हणजे काय ते सर्जेरावांना आजवर ठाऊकच नव्हते! पाल्याचे पांघरूण निघालेली ती उघडी माती पहिल्या पाच मिनिटांत चहासारखी झाली आणि दहाव्या मिनिटाला निघाली. वरच्या झऱ्याचे पाणी जिथे दगडी टाकीत पडे, त्या टाकीकडेच तिने मोर्चा वळवला. टाकीतले स्फटिकासारखे पाणी गेरूच्या रंगाचे झाले. घराला प्यायचे पाणी तेच!

आता मात्र जन्मभर कालव्याच्या पाण्याला दारे धरलेला माणूस जागा झाला. पाणी मोडायला हवे! भिंतीला फावडे टेकलेले होते. पैज? कसली पैज! सर्जेरावांनी फावडे उचलले, टाकीच्या वर आडवी चारी मारली, पाण्याला बांध घातला आणि लोंढा दुसरीकडे वळवला. पाणी बिनतक्रार वळले. सरळ, आखीव, नमुनेदार चारीतून ते खळाळत निघाले, आणि थेट गोठ्यात शिरले!

गोठ्यातल्या गाईने एकदा पायांकडे पाहिले, एकदा सर्जेरावांकडे पाहिले, आणि असा हंबरडा फोडला, की वळणावर येणाऱ्या जीपमध्ये द्वारकाबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी काहीतरी केलं."

जीप थांबली. दोघी छत्र्या घेऊन उतरल्या. समोर उघडीबोडकी जमीन, लाल टाकी, गुडघाभर पाण्यात गाय, कठड्याशी गाल फुगवून नाचणारे अज्जा, आणि मधोमध नखशिखान्त चिखलात, हातात फावडे घेतलेले सर्जेराव.

 नागवेणी ढिगाशी गेल्या आणि खाली बसल्या. एक वेल उचलला, दुसरा उचलला.

"हे मिरीचे वेल हो," त्या हळूच म्हणाल्या. "श्रावणात लावल्ते. सगळे माझ्या हातानं."

सर्जेरावांच्या हातातले फावडे खाली आले.

"आन् ती गोल पानं?" त्यांनी चाचरत विचारले.

"दोन दिवस ताकातून खाल्लासा की! चांगलं म्हणून दोनदा मागून घेटलासा!"

पाऊस कोसळत होता. सर्जेराव जन्मभर वादात हरले नव्हते, कारण त्यांना नेहमी दुसरा मुद्दा सुचत असे. या वेळी एकही सुचेना. ज्या बाईने दोन दिवस पोटभर जेवू घातले, तिचे श्रावणातले काम आपण तीन तासांत उपटून ढिगाला लावले, आणि वर आभार मानू नका म्हणून सांगितले!

"चुकलं माझं," ते म्हणाले.

द्वारकाबाईंनी छत्री बाजूला केली. "काय म्हणालात? पावसात ऐकू आलं न्हाय."

"चुकलं म्हणलं! चुकलं!"

बत्तीस वर्षांत प्रथमच ऐकलेला तो शब्द द्वारकाबाईंनी डोळे मिटून क्षणभर मनात साठवून ठेवला. मग त्या ओसरीवर गेल्या, ओळीतली शेवटची वस्तू पाहिली, आणि नवऱ्याच्या अक्षराइतकीच नवऱ्याची ओळ ओळखत असल्याने बाकाखालून पिकदाणी काढून अज्जांपुढे धरली.

अज्जांचे तोंड मोकळे झाले! मघापासून कोंडलेले कन्नड एका दमात बाहेर पडले. त्यातले पहिले दोन मिनिटांचे भाषण नागवेणींनी भाषांतरित केले नाही.

"आता काय म्हणतात?" सर्जेरावांनी विचारले.

"म्हणतात, मुळं ओली हायत. अशा पावसात आत्ताच्या आत्ता लावलं तर वेल जगतात. आणि म्हणतात, ज्यानं काढलं त्यानंच लावायचं."

मग काय! सगळे कामाला लागले. द्वारकाबाईंनी पदर खोचला, नागवेणींनी चारी गोठ्यापासून ओढ्याकडे वळवली, आणि अज्जा सुपारीच्या विरीची टोपी घालून, हातात काठी घेऊन सेनापतीसारखे उभे राहिले. सर्जेराव वेल लावत चालले. सवयीने त्यांनी पहिले पाच वेल झाडांच्या एकाच अंगाला, एका अंतरावर, दोरी लावल्यासारखे लावले. अज्जांनी काठीने पाचही उकरले! एकाला झाडाची सावली हवी, दुसऱ्याला दगडाचा आडोसा, तिसऱ्याचे पाणी निघून जायला हवे. प्रत्येकाची खोड निराळी. सहाव्या वेलाला सर्जेराव स्वतःच थांबले आणि वर पाहून त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारले, "हितं?" अज्जांच्या तोंडात तोवर नवा विडा गेला होता. त्यांनी मान हलवली. सर्जेरावांना आयुष्यात प्रथमच कोणाची मान हललेली पाहून इतके बरे वाटले!

शेवटी पाला परत अंथरला गेला. संध्याकाळी सगळे ओसरीवर चुलीची ऊब घेत बसले. गरम कढण होते, फणसाचे पापड होते, आणि टाकीतले पाणी निवळत आले होते.

"फावडं मी पाणी आवराया धरलं," सर्जेराव पापड मोडत म्हणाले. "अट शेतीकामाची होती. ह्ये झालं आपत्ती निवारण. म्हणजे न्याय बघाया गेलं तर..."

द्वारकाबाईंनी नुसते नवऱ्याच्या तळहातांकडे पाहिले. तिथे चिखलात दांड्याचा ठसा अजून स्पष्ट होता.

"परडं तुझं," सर्जेराव म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पापड घेतला.

निघताना नागवेणींनी मिरीचे दोन वेल आणि गोल पानांची एक जुडी ओल्या फडक्यात बांधून दिली. महिनाभराने त्यांचा फोन आला. तीन वेल सोडून सगळे जगले होते. त्या दिवशी सर्जेरावांनी चहाचे चार कप घेतले.

परड्यातले बेणे निघाले. तिथे आता दोडका शेवग्यावर चढला आहे, अबोली अळूत शिरली आहे, आणि मिरीच्या दोनांपैकी जो एक वेल पिंपळीच्या उन्हात टिकला, त्याला सर्जेराव दिवसातून तीनदा पाणी शिंपडतात, सावलीला ओले गोणपाट बांधतात आणि जवळपास कोणी फिरकले तर ओरडतात, "हात लावू नगा!" तेवढ्यावर थांबते तर बरे होते. पण त्या पावसाने त्यांच्या मनात एक धास्ती घातली ती घातलीच.

परवा दादासो बांधावरून चालले होते. सर्जेरावांच्या उसाकडे पाहून ते थबकले. डोळे चोळले. पुन्हा पाहिले. मधल्या सरीत, ढळढळीत, वीतभर उंचीचे एक हिरवे रोपटे डुलत होते!

"सर्जेराव!" दादासोंचा आवाज चिरकला. "तुमच्या उसात तण?"

"हळू बोला!" सर्जेराव सरीतून उठून म्हणाले. त्यांच्या एका हातात खुरपे होते आणि दुसऱ्या हातात मोबाईल. "तण हाय का न्हाय, ते अजून ठरायचंय. फोटो पाठवलाय तिकडं, आगुंब्याला."

"मग? काय म्हणत्यात?"

सर्जेरावांनी मोबाईलकडे पाहिले, रोपट्याकडे पाहिले, आणि एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"तीन दिवस झालं वाट बघतोय. अज्जांच्या तोंडात पान हाय!"